चुलीवरची चकती

लग्नानंतर माझ्या नवऱ्याने माझ्याकडे जितकं पाहिलं, त्याहून जास्त एका चकतीकडे पाहिलं. घरात मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना रामनाथच म्हणणार. त्या चार अक्षरांत माझा राग नीट मावतो.

चकती रुपयाएवढी, पांढरी, लांबून बघितली तर कोटाच्या बटणासारखी. रामनाथ जुन्नरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बाजारपेठेच्या बोळात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत त्याची लहानशी विजेची भट्टी. तिच्यात ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर भाजून तो या चकत्या करायचा. निम्म्या तडकायच्या. मग तो जेवायचा नाही. मी मात्र जेवायचे, कारण दोघांनी उपाशी राहून चकती जुळत नसते.

त्या थराला बारीक छिद्रं असतात, डोळ्यांना न दिसणारी, एकमेकांत शिरलेली. थर कोरडा असला की त्यातून वीज जात नाही. छिद्रांत ओल शिरली की त्या ओलीच्या आधाराने वीज वाट काढते. ओल जास्त, तर वीज जास्त. त्याने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे ही पाणी पिऊन बोलते. आपल्या गल्लीतले लोक दुसरंच काही पिऊन बोलतात." तो हसला नाही. चकतीच्या बाबतीत त्याला चेष्टा चालत नाही.

चालणार कशी? ती त्याने आईसाठी केली होती. माझ्या सासूबाई, गोजरबाई, जुन्नरच्या पश्चिमेला हिरडवाडीत राहायच्या. खाली भाताची खाचरं, मधे घरं, वर नाचणी-वरईचे उतार, त्याच्याही वर हिरड्याची झाडं आणि मग सरळ डोंगर. पावसात डोंगर पाणी पीत राहतो आणि एखाद्या दिवशी पाय सोडतो. आमच्या भागात लोकांनी हे पाहिलेलं आहे, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रामनाथ किती वेळा म्हणाला, आई, जुन्नरला चल. त्या म्हणायच्या, "तुज्या त्या बोळात मला आभाळ दिसत न्हाई." आई खाली येत नाही तर डोंगरावर पहारा बसवू, असं त्याने ठरवलं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याने आईच्या घरामागच्या उतारात हातभर खोल भोक पाडलं आणि चकती आत बसवली. तिची वायर खांबावरच्या पेटीत, पेटीतून दुसरी वायर देवळाच्या छपरावरच्या भोंग्यात. डोंगरातली ओल मर्यादेपलीकडे गेली की भोंगा वाजायला लागणार, उतरली की थांबणार. रोज सकाळी पेटी रामनाथच्या फोनवर ओलीचा आकडा पाठवणार, आणि तो आकडा तालुक्याच्या ऑफिसातही जाणार. भोंग्याला बटण ठेवलं नव्हतं, कुणी गंमत म्हणून वाजवू नये म्हणून. नुसत्या तारा एकमेकींना जोडल्या तरी पेटी बिघाड समजून गप्पच राहणार.

मग वाडीला देवळात बसवून त्याने नियम शिकवला. भोंगा वाजला की गुरं सोडा, माणसं घ्या आणि खालच्या शाळेत जा. थांबला की परत या. वाजलाच नाही तर घरात निवांत बसा. या शेवटच्या वाक्याला कारण होतं. आदल्या पावसाळ्यात कुणीतरी मोबाइलवर अफवा सोडली होती, डोंगर फाटला म्हणून. भर पावसात सगळी वाडी पळाली. कुशाबाईचा पाय मोडला, मागे राहिलेली शेरडं बिबट्याने नेली, आणि डोंगर जागच्या जागी. म्हणून रामनाथ हात वर करून म्हणाला, "भोंग्याशिवाय कुनाचं ऐकू नका. मी सोता येऊन सांगितलं तरी माझं बी ऐकू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

निघताना त्याने आईच्या हातावर हात ठेवला. "आये, ह्याला जप. माझा जीव हाये त्याच्यात."

"जपते की," त्या म्हणाल्या.

यंदा जुलै सरत आला तरी आभाळ उघडलं नव्हतं. दुकानात अस्तराच्या कापडालासुद्धा कुबट वास येत होता. रामनाथ रोज सकाळी चहा पिताना फोन दाखवायचा. डोंगर कोरडा आहे, पाणी नीट वाहून जातंय. चार-पाच दिवस तो अगदी खुशीत होता, आणि मीही, कारण तो खुशीत असला की जेवतो.

त्या सकाळी मी त्याचे कपडे इस्त्रीने वाळवत होते. म्हटलं, "डोंगर कोरडा आणि तुमच्या चड्ड्या ओल्या, हे कसं हो?" त्याने ऐकलंच नाही. फोनवर मागचे मागचे आकडे बघत तो पार उन्हाळ्यापर्यंत गेला होता. चहावर साय धरली.

"आरती, हे खोटं आहे," तो म्हणाला. "मे महिन्यात नव्हता इतका डोंगर आता कोरडा दाखवतोय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी त्या दिवशी पाहिलं. त्याने हौशीरामला फोन लावला. हौशीराम त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आईच्या शेजारचं घर. खांबावरच्या पेटीला उंचावर रेंज मिळते, पण खाली वाडीत नेटवर्क फक्त हौशीरामच्या गोठ्याच्या एका कोपऱ्यात येतं, त्यामुळे सगळ्या वाडीचं बोलणं त्याच्या म्हशीच्या साक्षीने होतं. खूप वेळाने फोन लागला.

"हौशा, सगळ्यांना खाली ने. आत्ता. आयेला घे."

"का रं? भोंगा तर वाजला न्हाई."

"भोंगा बिघडलाय."

"काल तूच म्हनलास ना, झ्याक चाललाय म्हनून?" हौशीराम हसला. "ह्ये बघ भाऊ, म्हस व्यायला झालीये, आज का उद्या. तू उगा घाबरू नको. आमी निवांत..." आणि फोन तुटला. परत लागला नाही. रामनाथने तालुक्याच्या ऑफिसात फोन केला, तिथून दुसरीकडे करायला सांगितलं. तिथला माणूस चांगला होता, पण तोही म्हणाला, ओढा उतरून रस्ता सुरू झाला की माणसं पाठवतो, आणि सर, तुमच्याच यंत्रावर तर सगळं ठीक दिसतंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

आम्ही मोटरसायकल काढली. मला ये म्हणून तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. आपटाळ्याच्या पुढे पाऊस असा अंगावर येत होता की त्याच्या पाठीला डोकं टेकवल्याशिवाय श्वास घेता येईना. वाडीच्या अलीकडचा ओढा रस्त्यावरून वाहत होता. गाडी तिथेच झाडाला टेकवून आम्ही हात धरून पार झालो. मला पोहता येत नाही. मी घाबरले होते, आणि त्याहून जास्त मला या माणसाची भीती वाटत होती, कारण तो सारखा एकच वाक्य पुटपुटत होता. मी त्यांना सांगितलं होतं माझं ऐकू नका.

वाडी दिसली तेव्हा जीव भांड्यात पडायला हवा होता. सगळी घरं जागेवर, कौलांमधून धूर निघतोय, कुठेतरी नाचणीच्या भाकरीचा वास. पण रामनाथ खाचराच्या बांधावर थांबला. लावणी झालेलं भात हिरवंगार उभं होतं आणि त्याच्या पायाशी पाणी नव्हतं. एवढ्या पावसात खाचर रिकामं. शेजारचंही रिकामं.

"पाणी आत शिरलंय," तो म्हणाला. "खालून फाटलंय कुठेतरी."

आम्ही पळत घरामागे गेलो. भोक ढासळून त्यात गढूळ पाणी भरलं होतं आणि चकती त्यात नव्हती. वायर मात्र तुटलेली नव्हती. ती चिखलातून वर येऊन गवतावरून गेली होती आणि मागच्या दाराच्या फटीतून घरात शिरली होती.

सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पावसाळ्यात त्यांची चूल विझत नाही. वर कामट्यांची ताटी टांगलेली असते आणि घरात ओलं होणारं सगळं तिच्यावर वाळतं. सरपण, घोंगडी, बियाणं, काडेपेटी, शेजारच्या पोरांची झबली. त्या दिवशी तिच्यावर हिरड्यांच्या शेजारी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत निम्मी गुंडाळून, रामनाथची चकती ठेवलेली होती. धुराने तपकिरी झालेली.

"आलास?" त्यांचा चेहरा उजळला. "बघ, कशी ठिवलीये. भोकात पानी चढत व्हतं रे, बुडायच्या आदीच काढली. वायर तोडली न्हाई, तशीच आनली. म्हनलं ऊन पडलं की परत लावू."

रामनाथ जमिनीवर बसला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने नुसतं आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आये, ती भिजायसाठीच ठिवली व्हती."

"इजेची वस्तू आन भिजायसाठी?" त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं नसतं. त्या घरात बॅटरी भिजली की ताटीवर, मोबाइल भिजला की ताटीवर. मुलाने जीव आहे म्हणून सांगितलेली वस्तू पाण्यात बुडताना बघून हातावर हात ठेवून बसणारी आई कुठे मिळते?

रामनाथ उठला आणि घरोघर गेला. मीही गेले, त्याच्या मागे मागे. लोकांनी आम्हाला चहा विचारला. दादाभाऊ म्हणजे वाडीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यांना मान्य असलेलं माणूस. ते ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रामनाथ, तुझ्यावर इस्वास हाये," ते म्हणाले. "म्हनून तर तू शिकावलं त्ये आमी पाळतो. मागच्या साली पळालो, काय झालं? कुशाबाई अजून लंगडती. भोंगा वाजू दे, आत्ता निघतो."

"भोंग्याची चकती आयेनं काढली व्हती, दादा."

"मग लाव परत. डोंगर भिजला असंल तर वाजंल. हातानं वायरी जोडून वाजवशील तर कोन ऐकनार? आमच्यासमोर लाव."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. त्याने शिकवलेला नियमच ते त्याला परत शिकवत होते. दादाभाऊंच्या मागून पाच-सात माणसं निघाली, डोक्यावर पोती घेऊन. हौशीराम आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "वैनी, तुमी बी? म्हस व्याली की खरवस खाऊनच जायचं." सगळे घरामागे उभे राहिले. रामनाथने भोक हाताने उकरलं, चकती त्या चिखलात घातली, दोन्ही हातांनी माती दाबली आणि देवळाकडे पाहिलं.

भोंगा वाजला नाही.

आम्ही थांबलो. पाऊस पोत्यांवर वाजत होता. कुणीतरी खोकलं. रामनाथने चकती काढली, पुसली, परत घातली. भोंगा वाजला नाही. दादाभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेने.

"डोंगर कोरडा हाये, पोरा. तुजं यंत्र खोटं बोलत न्हाई. घरात चल, भिजू नको."

आणि ते सगळे हलक्या पावलांनी परत गेले. येताना ते थोडे घाबरलेले होते. आता तेवढी भीतीही त्यांच्या मनातून आम्हीच काढून टाकली होती. मी आयुष्यात पुष्कळ वेळा वैतागले आहे, पण हात टेकणं म्हणजे काय ते मला त्या चिखलात कळलं. सासूबाईंना उचलून न्यावं आणि बाकीच्यांना सोडावं, हा विचार माझ्या मनात आला. आला म्हणजे नुसता आला नाही, ठाण मांडून बसला. मी रामनाथला तसं बोललेही.

तो चकतीवर पावसाचे थेंब पडताना बघत होता. थेंब आत जात नव्हता. अळूच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळत होता.

"धूर," तो म्हणाला. "चुलीचा धूर बसलाय हिच्यावर. तेलकट. छिद्रं बुजलीत सगळी. हिला पाण्यात बुडवून ठेवली तरी ही कोरडीच राहणार."

"मग धुवा की."

त्याने धुतली. साबणाने, राखेने, माझ्या पदराने. वरचा तपकिरी रंग गेला, आतलं जाईना. पालथ्या घड्यावर पाणी. मग तो एकदम थांबला आणि चुलीकडे बघायला लागला.

"भट्टीत भाजूनच केली होती मी ही," तो म्हणाला. "आये, इंगळ कर. लालभडक. जेवढा व्हईल तेवढा."

सासूबाईंनी विचारलं नाही कशाला. फुंकणी घेतली आणि गुडघ्यावर बसून फुंकायला लागल्या. आम्ही दोघींनी आळीपाळीने फुंकलं. रामनाथने चिमट्याने चकती निखाऱ्यांत धरली. वायरीचं प्लॅस्टिक वितळून घाण वास सुटला, धुराने डोळे चुरचुरले. चकती आधी काळी पडली. तडकली तर संपलं, एवढं मला कळत होतं. जुन्नरच्या खोलीत निम्म्या तडकायच्या आणि मी चेष्टा करायचे. आता मी ज्या ज्या देवाचं नाव आठवलं त्याला हात जोडत होते. हळूहळू काळा रंग कडेने मागे सरकत गेला आणि मधे पांढरं दिसायला लागलं. मग सगळीच पांढरी झाली.

त्याने ती पाटावर गार होऊ दिली. उघड्या पडलेल्या तारांना मी माझ्या पिशवीतली कापडी पट्टी गुंडाळली आणि वर मेणकापड बांधलं. बाहेर आलो. मागच्या उतारावर आता एक रेघ दिसत होती. सकाळी ती असेल किंवा नसेल, आम्ही पाहिली नव्हती. हिरड्याच्या झाडांखालून ती आडवी गेली होती आणि तिच्या खालची झाडं किंचित आमच्याकडे वाकली होती.

रामनाथने चकती मातीत घातली आणि दगड रचून भोक बंद केलं. त्याचे हात मातीतून निघतात न निघतात तोच भोंगा वाजला.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. कर्कश, बेसूर, सगळ्या खोऱ्यात घुमणारा. मी रडायला लागले. घराघरांची दारं उघडली. कुणी काही विचारलं नाही, कुणी वाद घातला नाही. नियमच तसा होता. गुरांची दावी सुटली, पोरं काखेत गेली, म्हाताऱ्यांना घोंगडीत घातलं. दादाभाऊ ओसरीवरून उतरताना रामनाथकडे बघून हात जोडून गेले.

धोंडाबाई अंथरुणाला खिळलेली, तिचा मुलगा सुरतला. रामनाथने तिला पाठीवर घेतलं. कुशाबाईने माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी सासूबाईंना हाक मारली.

"तू हो म्होरं," त्या म्हणाल्या. "गाय सोडते आन आलेच. पायवाटंनं येते, तुमच्या आदी पोचंन."

कुशाबाईचा सगळा भार माझ्यावर होता. मी चालू लागले.

शाळा खाली, ओढ्याच्या अलीकडे, मोकळ्या माळावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक सगळे आले होते. भोंगा वर वाजतच होता. रामनाथने धोंडाबाईला बाकावर ठेवलं आणि दारात उभा राहून माणसं मोजायला लागला. हौशीराम ओल्या अंगाने अस्वस्थ फेऱ्या मारत होता. त्याची म्हैस आली नव्हती. दावं सोडलं तरी ती गोठ्यातून हलेना, तिची वेळ भरली होती.

"आये कुठंय?" रामनाथने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात भोंगा थांबला.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मग कुणीतरी श्वास सोडला, कुणी हसलं. एक बाई पोराला म्हणाली, चल, थांबला बघ. बाकीच्या बोचकी उचलायला लागल्या.

"थांबा," रामनाथ म्हणाला. "कुनी जाऊ नका."

"थांबलाय की रं," हौशीराम म्हणाला. तो आधीच दारात होता. "वाजला तवा आलो, थांबला तवा जातो. म्हस एकटी हाये राव." त्याने रामनाथच्या खांद्यावर थाप मारली आणि रस्त्याने वर पळाला. रामनाथ त्याच्या मागे दोन पावलं गेला, पण दारातल्या गर्दीने त्याला अडवलं. सगळ्यांनाच जायचं होतं. तो दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला. दादाभाऊंनी त्याला समजावलं, पोरा, तुझाच नियम हाये. तो मान हलवत राहिला.

असा बराच वेळ गेला आणि मग शाळेच्या दुसऱ्या बाजूने, पायवाटेने, सासूबाई आल्या. चिखलाने माखलेल्या, पण धडधाकट. गाय पुढे, त्या मागे. मला बघून हसल्या. पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती. त्यांनी ती दाताने सोडली आणि रामनाथपुढे हात केला.

तळहातावर चकती होती. पांढरी, पुसून स्वच्छ केलेली. तारा ओढून तोडलेल्या.

"समदी गेली, मग म्हनलं लेकराचा जीव कशाला ठिवायचा चिखलात," त्या म्हणाल्या. "बघ. कोरडी हाये."

रामनाथने चकतीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग तो हौशीरामचं नाव घेत धावत सुटला. मी त्याच्या मागे धावले. आम्ही वळणापर्यंत पोचलो असू. आधी पायाखालची जमीन हलली आणि मग तो आवाज आला, भोंग्यासारखा मुळीच नव्हे, खोल आणि सावकाश. हिरड्याची झाडं उभीच्या उभी खाली येताना मी पाहिली. देऊळ होतं, आणि मग तिथे माती होती. मी रामनाथला कमरेला धरून रस्त्यावर आडवी पडले, नाहीतर तो गेला असता.

हौशीराम नंतर सापडला. हातात म्हशीचं दावं होतं.

आता सासूबाई आमच्याकडे असतात, त्या बोळात. आभाळ दिसत नाही म्हणून तक्रार करत नाहीत. वाडीचे लोक भेटायला येतात, आईच्या पाया पडतात, रामनाथने वाडी वाचवली म्हणतात. डोंगराने देऊळ गिळलं म्हणून भोंगा थांबला, असं सगळे सांगतात. आधी भोंगा थांबला आणि मग डोंगर आला, हे कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. ते फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांशीही बोललेलो नाही.

इथे चूल नाही, गॅस आहे. चकती त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, तांदूळ ओल ओढतो म्हणून. अधूनमधून काढून बघतात. हौशीरामची आठवण निघाली की त्यांचे डोळे भरतात. बऱ्याचदा जेवतानाच निघते.

"त्यो भोंगा आजून थोडा येळ वाजाया पायजे व्हता," त्या म्हणतात. "पोरगं माघारी गेलं नसतं."

"हो, आत्या," मी म्हणते आणि त्यांना भाकरी वाढते. रामनाथ मान खाली घालून जेवत राहतो.